पाइपांखाली अडकलेली मदत

मी मालवणचा. धंद्याने दर्यावर्दी. गेली काही वर्षं एका मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर आहे. मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म आहेत, त्यांना पाइप, सिमेंट, गोडं पाणी पोचवायचं, हे आमचं रोजचं काम. पण या जहाजाच्या माथी आणखी एक जबाबदारी आहे. समुद्रात कुठे तेल सांडलं, तर हातातलं काम टाकून तिकडे धावायचं. त्यासाठी डेकच्या मागच्या टोकाला एक मोठा कंटेनर कायमचा बसवलेला आहे. त्यात तेल अडवायचे तरंगते बांध असतात, त्यांना आम्ही बूम म्हणतो, आणि पाण्यावरचं तेल ओढून घेणारं यंत्र. वर्षातून एकदा आम्ही त्याचा सराव करतो. तेल म्हणून पाण्यावर कुरमुरे उधळायचे, बूम टाकून ते गोळा करायचे, फोटो काढायचे. सरावात आम्ही कधीच चुकलो नाही.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाय म्हणतो, मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात राहते. तिथल्या बायकांनी मिळून खाडीत बांबूचे मांडव घातले आहेत. त्यांना दोऱ्या बांधून त्या कालवं वाढवतात. शिंपल्यांना हात लागून बायची बोटं कायम चिरलेली असतात. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना ती पदरात हात लपवते.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. एका सकाळी बायचा फोन आला. "वाऱ्यार घासलेटचो वास येता. तुमका काय कळला काय?" आम्हाला काहीच कळलं नव्हतं. दुपारी बातमी आली. इंधन घेऊन निघालेला एक बार्ज आमच्या किनाऱ्यासमोर बुडाला होता आणि काळं, जाड तेल पाण्यावर पसरत होतं. सरकारी जहाजं तिकडे पोचली होती, पण ती बुडालेल्या बार्जपाशी गुंतलेली होती. किनाऱ्याकडे सरकणारं तेल अडवायला आमच्यासारख्यांनी जायचं होतं.

संध्याकाळी आम्हाला हुकूम आला तो निघण्याचा नव्हे. "सज्ज राहा," एवढाच.

आणि आम्ही सज्ज नव्हतो. डेकवर पाइपांची रास होती. ती उतरवल्याशिवाय कंटेनरचं दारसुद्धा पूर्ण उघडत नव्हतं. ज्या प्लॅटफॉर्मसाठी पाइप नेले होते, तिथली माणसं लाटांमुळे क्रेन चालवायला तयार नव्हती. मी कॅप्टनना म्हटलं, सरळ बंदरात जाऊन उतरवू. बंदरात धक्का रिकामा नव्हता. त्यातच ज्यांनी जहाज भाड्याने घेतलं होतं ते म्हणत होते, आम्हाला लेखी काहीतरी दाखवा, मग सोडू. आमच्या जहाज कंपनीचं ऑफिस म्हणत होतं, आधी त्यांनी सोडावं, मग आम्ही लिहून देऊ.

कॅप्टन केरळकडचे, वयाने मोठे, मितभाषी. ते पुन्हापुन्हा ऑफिसला फोन लावत होते आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर ऐकून खाली ठेवत होते. मी डेकवर जाऊन पाइपांना बांधलेल्या साखळ्या उगाच तपासून येत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिकडे गावात बायकांनी क्रुसाजवळच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात बसून भाताचा पेंढा जाळ्यात भरला, त्याची लांब वळकटी केली आणि होड्यांतून नेऊन खाडीच्या तोंडाशी बांधली. पहिल्याच मोठ्या भरतीला ती तुटून गेली. तेव्हा बाय आणखी दोघींना घेऊन एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत गेली. साहेबांनी त्यांना बसवलं, नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की काळजी करू नका, त्यासाठी खास जहाज तयार आहे. त्यांना तसंच कळवलं गेलं असणार. आम्ही रोज तसंच कळवत होतो.

ओरोसहून बाहेर पडल्या पडल्या बायने फोन केला.

"साहेब म्हणालो, जहाज सज्ज आसा. तां तुझांच मां?"

मी हो म्हटलं.

"मगे तू खंय आसस?"

"जहाजारच आसंय. डेकार पायपी आसत. त्यो उतरल्याशिवाय काय करूक येवचा नाय."

"मगे उतरा मां," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दारात ठेवलेली घागर उचल म्हणावं, इतक्या साधेपणाने ती बोलली. मी तिला मोठ्या लाटांचं कारण सांगितलं, पण धक्का, करार, कागद यांतलं काही तोंडातून निघेना.

शेवटी लाटा उतरल्या, क्रेन चालली, कागदही आला. आम्ही जहाज पुरत्या वेगाने दक्षिणेला हाकलं. पोचलो तेव्हा समुद्रावर तेलाचे फाटके पट्टे तेवढे उरले होते. बूम टाकून, यंत्र लावून आम्ही दिवसभर ओढत राहिलो. टाकीत आलं ते बहुतेक पाणीच. खरं तेल किनाऱ्याला लागलं होतं आणि तिकडे खडकांमुळे आमचं जहाज जाऊ शकत नव्हतं. दुर्बिणीतून गावचे माड दिसत होते, त्यांच्या खालची वाळू काळी झालेली दिसत होती.

कंटेनरमध्ये एक हलकी, कमी उंचीची बूम होती, उथळ पाण्यासाठी. ती गावकऱ्यांना देऊ या, असं मी कॅप्टनना म्हटलं. त्यांनी ऑफिसला विचारलं. उत्तर आलं, सामान फक्त प्रशिक्षित माणसांनीच हाताळावं. कॅप्टननी फोन खाली ठेवला. मग हिंदीत म्हणाले, "तुम्ही प्रशिक्षित आहात ना? बोट घ्या आणि जा."

आम्ही चौघे बूम घेऊन खाडीत शिरलो. तोंडाजवळचे मांडव संपलेच होते. दोऱ्यांवर काळा लगदा चढला होता, हात लावला की निसटायचा. वरच्या अंगाला, वळणापलीकडे, पाणी अजून बरं होतं. तिथे आडवी बूम बांधली. बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून दोर धरत होत्या. बाय माझ्या शेजारीच होती.

"तू इलस तां बरां झालां," काम झाल्यावर ती म्हणाली. "पण तेल येच्या आदी येवक व्हया हुतस."

वळणापलीकडची कालवं वाचली. पण त्या हंगामात ती कुणी घेतली नाहीत. या खाडीचा माल म्हटलं की बाजारातली माणसं पाटीत न डोकावताच पुढे जायची. शेवटी बायकांनी ती घरोघर वाटली, आणि घरातल्यांनीही वास घेऊन घेऊनच खाल्ली.

आमच्या कामगिरीबद्दल जहाजाला शाबासकी मिळाली. मी ऑफिसला लिहिलं की कंटेनरसमोरची जागा नेहमी मोकळी ठेवावी, आणि जहाज सोडायचं कुणी हे आधीच ठरवून घ्यावं. सूचनेची नोंद घेतली आहे, असं नम्र उत्तर आलं. डेक रिकामा ठेवून जहाज चालवणं परवडत नाही, हे तोंडी सांगितलं गेलं.

बायने पुढच्या वर्षी नवे मांडव घातले, वळणाच्या वर. मी अजून त्याच जहाजावर आहे. बायचा फोन आला की ती आधी माझी तब्येत विचारत नाही. जहाज भरलेलं आहे की रिकामं, ते विचारते. बहुतेक वेळा भरलेलंच असतं, आणि मी तिला तसं सांगतो.