मागितल्या भावाची खाट

खरं बोलून दुसऱ्याचं नुकसान करण्यात माझ्या साडूचा हात धरणारा माणूस साऱ्या बालाघाट जिल्ह्यात नसेल. असलाच तर त्याची ओळख मला करून देऊ नका. मी तांदळाचा दलाल. सायकलवर पोती वाहून धंद्यात उभा राहिलो आणि सांगितल्या भावात कधी काडेपेटीसुद्धा घेतली नाही. साडू शाळेत मास्तर. त्यानं चहा ओतला की निम्मा कपाबाहेर. लग्नात त्याच्या अक्षता हमखास भटजीवर. कुठलीही वस्तू बघताना मान पार डावीकडे वळवून, उजवा डोळा तिच्यावर रोखून, कितीतरी वेळ गप्प उभा. ही मान म्हणजे माझं भांडवल होतं! लालबर्‍याच्या गिरणीवाल्यापासून कटंगीच्या मडकेवाल्यापर्यंत प्रत्येकाला वाटायचं, यानं खोट पकडली. तो आपण होऊन भाव उतरवायचा. मी नुसता खाकरायचो.

गेल्या वर्षी चष्म्यासाठी मीच त्याला नागपूरला नेलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. डाव्या डोळ्यानं त्याला काहीच दिसत नव्हतं. एक डोळा कामाचा आणि एक राखीव, असं सगळ्यांचंच असतं अशी या मास्तराची समजूत! डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. गांडुळांचा गुंता पडावा तशा जाड, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या. जन्मापासूनच्या, फार क्वचित कुणाला असतात अशा. रक्त आणणारी नळी सरळ परतीच्या नळीला जोडलेली, मधलं बारीक जाळंच नाही. म्हणजे मधला दलालच नाही! असला व्यवहार मला मुळात मान्य नाही. शिकाऊ डॉक्टरांनी त्याचा डोळा बघायला रांग लावली. माझ्या मोतीबिंदूकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

तेव्हापासून हा तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन हिंडतो. बैहरच्या बसमध्ये अनोळखी माणसांना दाखवतो, "हे पाहा वैनगंगा, अन् हे तिचे नाले." आणि बाजारात माझा सौदा जमत आला की दुकानदाराला धीर देतो, "घाबरू नका भाऊ, मले डाव्या डोळ्यानं दिसतच नाही, म्हणून मान वळवतो!"

एवढंही मी गिळलं असतं. पण डॉक्टर म्हणाले होते, असला गुंता कधीकधी मेंदूतही असतो आणि फुटला तर जिवावर बेततं. डोक्याची तपासणी करून घ्या. हा ऐकेना. मी ओरडलो, मेहुणी रडली. याचं एकच, "इतकी वर्सं तो गुपचूप हाये. आता काहून उठवता त्याले?"

"अरे, तपासणीला यायची तुझी अट काय ते तरी सांग!" मी भर रस्त्यात किंचाळलो.

त्यानं मान वळवून मला न्याहाळलं. "कटंगीच्या बाजारात एक वस्तू घ्या, साडभाऊ. मागितल्या भावात. तोंड न उघडता."

घेतली. खाट. दुकानदारानं भाव सांगितला, मी पैसे काढून दिले. तो मला ओळखणारा, बिचारा घाबरला. "भाईसाब, तबियत तो ठीक है?" साडू मागे तोंडाला रुमाल लावून हसत होता.

नागपूरला मशीनमध्ये जायच्या आधी मात्र त्यानं माझी बाही धरून ठेवली. "डोक्यात निघालं त?"

"तर त्याच्याशी मी बोलतो. तू मधे खरं बोलू नकोस."

डोकं स्वच्छ निघालं. दरवर्षी डोळा दाखवायचा, एवढंच. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा सोडून तो मुद्दाम माझ्या डाव्या हाताला येऊन बसला. मी त्याच्या उजव्या डोळ्याला दिसावं म्हणून.

"पुढच्या वर्षी काय घेता, साडभाऊ?"

"तू म्हणशील ते," मी म्हटलं. भाव विचारला नाही.