फोनवरचा तो प्रश्न

अमेरिकेत, आमच्या चँडलर गावातल्या बागेत दर गुरुवारी एक गोरी आजी माझ्या शेजारी बसायची. तिच्या नवऱ्यालाही आमच्या ह्यांच्यासारखाच विसरण्याचा आजार. पण तिला अशा आजाऱ्यांच्या घरच्यांसाठीची सरकारी योजना होती ना. मदतनीस बाई नवऱ्याला तळ्याभोवती फिरवायची, आणि हिला नर्सचा फोन. आम्हाला इथे येऊन तीनच वर्षं झालेली, आम्हाला कुठली योजना? मी ह्यांची बाही धरून ऐकत बसे. ती फोन स्पीकरवर टाकून नखं तासायची.

नर्स म्हणायची, "त्यांचं राहू द्या, तुम्ही कशा आहात?"

एकदा फोन ठेवून ती मला म्हणाली, "दर वेळी तेच विचारते. वैताग नुसता."

माझा असा जळफळाट झाला. मला सगळे ह्यांचंच विचारतात, पोटचा मुलगासुद्धा.

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या नर्सला सांगत होते, गुडघा दुखतो हो, आणि परवापासून धड जेवलेले नाही.