आमचे कागदी मासे

जुनी कार्डं जमवणाऱ्याकडे कार्डं कमी आणि किस्से जास्त जमतात. कार्डं निदान फाटतात तरी!

पूर्वी साबण, दोरा, औषध घेतलं की दुकानदार रंगीत जाहिरातीचं कार्ड द्यायचा. नव्वदीनंतर दिल्लीत नव्या कंपन्यांच्या चकचकीत जाहिराती आल्या आणि लोकांनी ही कार्डं रद्दीत काढली. आमचं फावलं. मी, मूळचे मालवणचे तारकर आणि दिल्लीतल्याच आर. के. पुरमचे भावे, आम्ही फक्त माशांची कार्डं जमवायचो.

तारकरांना माशात कालवण दिसायचं, भाव्यांना मत्स्यावतार. अगदी डबाबंद माशांच्या जाहिरातीतसुद्धा!

"एका डब्यात इतके अवतार?" तारकर म्हणाले.

*

एका कार्डावरचा मासा कुणालाच ओळखू येईना. तारकर कार्ड घेऊन थेट चित्तरंजन पार्कच्या मासळीबाजारात. बंगाली विक्रेत्याने कार्ड उजेडात धरलं, माशाचा डोळा बघितला आणि परत दिलं.

"मत लीजिए साहब, बासी है!"

*

तारकरांनी नोएडात फ्लॅट घेतला. शेजारचे शर्माजी वास्तुवाले. "मछली का मुँह अंदर की तरफ़ रखिए, लक्ष्मी आएगी."

तारकरांनी फ्रेम केलेल्या कार्डाकडे नीट पाहिलं. माशाच्या तोंडात गळ होता.

"येईल हो, पण ओढत आणावी लागेल!"

*

तारकरांकडे एका औषध कंपनीच्या सहा कार्डांपैकी पाच होती. सहाव्यासाठी त्यांनी दर्यागंजच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात किती रविवार घालवले असतील!

गणपतीत भाव्यांकडे गेलो. तारकर देवघरापुढे वाकले ते वाकलेलेच राहिले. अन्नपूर्णेशेजारी, कुंकू लावलेलं, सहावं कार्ड!

"भावे, ही माशाच्या तेलाची जाहिरात आहे."

केक घेतानाही अंडं नाही ना विचारणारे भावे पांढरेफटक पडले. त्यांनी झटकन कार्ड उचललं. "आई! अगं, हा मत्स्यावतार नाही! तारकर, घेऊन जा यार, आत्ताच्या आत्ता!"

तारकरांचा हात केव्हाच पुढे झाला होता.

आई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. "ठेव ते जागेवर. मला वाचता येतं."

"मग देवात कशाला?"

"दोन वर्षांचा होतास. डॉक्टरांनी आशा सोडली होती. सासूबाईंना कळू न देता रोज मधातून चमचाभर हेच तेल पाजलं तुला."

तारकरांनी हात हळूच मागे घेतला.

भाव्यांनी कार्ड अन्नपूर्णेशेजारी ठेवलं.

"आई, कुंकू दे गं. जरा पुसलं गेलंय."