आयसोलेशनच्या खोलीतला कूलर

आमच्या दवाखान्यात टीबीच्या पेशंटसाठी एक वेगळी खोली आहे. तिच्या मागच्या भिंतीतला मोठा पंखा आतली हवा मोकळ्या रानाकडे फेकतो आणि दाराच्या खालच्या जाळीतून व्हरांड्यातली हवा आत ओढली जाते. त्यामुळे खोकल्यातलं काही व्हरांड्यात येत नाही. मी तिथली सिस्टर. रोज सकाळी त्या जाळीशी उदबत्ती धरायची, धूर आत गेला की खोली ठीक समजायची. नव्या पेशंटांना वाटतं, बाई फार देवभोळी आहे.

मागच्या उन्हाळ्यात एके सकाळी धूर आत जायचा सोडून माझ्याच नाकात आला. मास्क चढवून दार उघडते तो काय, खिडकीत भलाथोरला कूलर घुरघुरतोय! आतल्या मावशी माजलगावकडची ऊसतोड संपवून खोकला घेऊनच परतल्या होत्या. आईला उकडतं म्हणून त्यांच्या लेकाने केजहून जीपच्या टपावर बांधून कूलर आणला होता. माया खरी, पण तो कूलर आमच्या पंख्याला भारी पडत होता. आतली हवा सरळ व्हरांड्यात, बाकड्यावरच्या नातेवाइकांकडे!

मी कूलर बंद केला आणि लेकाला असं झापलं की शेजारचा वॉर्डही चिडीचूप झाला. मावशी ताडकन उठून बसल्या.

"कावून बंद केला? लई उकडायलंय. म्या चालले घरी. लिंबाखाली खाट टाकते."

घरी त्यांच्या सुनेच्या कुशीत सव्वा महिन्याची नात होती. औषध लागू पडायच्या आत मावशी घरी गेल्या, तर आधी तिलाच छातीशी धरणार. हे मी त्यांना दहादा सांगितलं होतं, पण उकाड्यापुढे माझं काही चालेना.

शेवटी ओरडणं सोडून मी पुन्हा उदबत्ती पेटवली. कूलर चालू असताना धूर कुठे जातो, बंद असताना कुठे, ते त्यांना दाखवलं. मावशी टक लावून बघत होत्या.

"उफणताना आमी वारं पाठीशी घेतो," त्या म्हणाल्या, "म्हंजी भुसा तोंडावर येत न्हाई. मंग ह्यो डबा दाराच्या भाईर न्या की! गारवा तुमचा पंखाच वढून आणंल."

इतकी वर्षं धूर बघतेय मी, आणि हे सुचलं त्यांना! डॉक्टरांना विचारून कूलर व्हरांड्यात, दाराकडे तोंड करून ठेवला. धूर झपकन आत गेला. "आता कसं!" म्हणत मावशी गोधडीवर ऐसपैस पसरल्या. दुपारपर्यंत दुसऱ्या वॉर्डांतले लोकही मावशींची विचारपूस करायला कूलरपुढे जमले. त्यांना हाकलता हाकलता मला हसू आवरेना.

मावशी राहिल्या. डॉक्टरांनी 'आता जा, भीती नाही' म्हटलं, त्या दिवशी सून तान्हीला घेऊन दवाखान्याच्या अंगणात आली. मावशींनी हात पुढे केलेच नाहीत.

"घ्या की," मी म्हटलं.

"हाव. पर वारं बघू द्या."

त्यांनी तिथल्या लिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं, वारा आधी बाळावरून यावा अशा बेताने सुनेला उभं केलं, आणि मगच नात घेतली. माझे डोळे घळाघळा वाहत होते. मुका मात्र त्यांनी तळपायाचाच घेतला.