काहीही आंतरराष्ट्रीय विमानतळ

वारसमेने पहिल्या भेटीत माझा हात हातात घेतला, मला आपादमस्तक न्याहाळलं, मस्तकापाशी जरा जास्तच रेंगाळला आणि म्हणाला, "बिदार." मला वाटलं, हे सोमाली भाषेतलं स्वागत असणार. मीही छाती फुगवून "बिदार, बिदार" म्हणालो. तीन दिवसांनी कळलं, बिदार म्हणजे टकल्या.

आम्हा तिघांचं भाड्याचं घर मॉसन लेक्सला होतं. त्या वर्षांत विद्यार्थ्यांची अशी लाट आली होती की ॲडलेडमध्ये लोक गॅरेजमध्येसुद्धा गाद्या टाकून राहायचे. मी छत्तिसाव्या वर्षी ठाण्यातली नोकरी सोडून मास्टर्सला आलेलो. सुधन्वा पुण्याचा, म्हणजे मास्टर्स आधीच झाल्यासारखा वागणारा. आणि वारसमे सव्वासहा फूट, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, शनिवार-रविवार टॅक्सी चालवणारा. लहानपणी पाहिलेल्या हिंदी सिनेमांमुळे त्याचं हिंदी झकास होतं. फक्त मीठ मागतानाही तो खलनायकासारखा मागायचा.

खऱ्या नावाने हाक मारणं त्याला परकेपणाचं वाटे. सुधन्वाला तो 'नाक' म्हणे. घरमालकिणीला तिच्या तोंडावर 'दात' म्हणे आणि ती खूश होऊन "नो वरीज, डार्लिंग" म्हणत भाडं वाढवायचं विसरून जाई. "आमच्या गल्लीत चौदा मोहम्मद होते, बिदार," तो सांगे. "नाव आईबाप देतात. ओळख गल्ली देते."

अशा माणसावर नाव शोधायची कामगिरी आली तर ती मिनिटाची, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तीन महिने! तीन महिने त्याने आमचा जीव खाल्ला.

झालं असं की त्याचं गाव फुगत फुगत मोठं शहर झालं होतं. आधी तिथे विमान उतरायचं तर कुणीतरी पुढे धावून बकऱ्या हाकलायच्या; आता खरीखुरी धावपट्टी झाली, इमारत झाली, फक्त नाव ठरेना. तीन घराणी, तीन नावं, दोन मोडलेल्या बैठका. शेवटी बुजुर्गांनी ते काम ऑस्ट्रेलियाला पाठवलं. नाव ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख वारसमेचे लांबचे काका. फोनवर म्हणाले, "सगळ्यांना चालेल असं एक नाव दे. मग धावपट्टी सांभाळणारा इंजिनिअर तूच."

वारसमेची आई त्या शहरात होती. चौदा वर्षं त्याने तिला पाहिलं नव्हतं. "रिकाम्या हाताने तिच्यापुढे कसा उभा राहू?" हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी म्हणे, आणि तेवढ्यापुरता मी त्याला माफ करी.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत आपल्याकडे एका अनुस्वाराचं अंतर आहे. त्याच्या गावात तेवढंही नव्हतं. 

"एखाद्या कवीचं दे," मी म्हटलं.

"त्याने एका कवितेत शेजाऱ्यांच्या उंटांना शिव्या दिल्यात."

"मग डोंगराचं?"

"कुठल्या बाजूने दिसणाऱ्या?"

"शांतता विमानतळ!" सुधन्वा ओरडला.

"शांतता हे एका पुढाऱ्याच्या सासूचं नाव आहे, नाक."

फ्रिजवर त्याने यादी चिकटवली होती. दूध काढायला गेलं की तो मागून यायचा. आंघोळीला गेलं की दाराबाहेरून विचारायचा, "बिदार, नदी कशी वाटते?"

एका दुपारी माझा प्रोजेक्ट पाच वाजेपर्यंत द्यायचा होता, तव्यावर पोळी करपत होती आणि हा यादी घेऊन कानाशी. मी लाटणं आपटून अस्सल मराठीत किंचाळलो, "अरे बाबा, काहीही ठेव!"

तो थबकला. "काहीही? ये कौन था?"

आता इथे सज्जन माणसाने खुलासा केला असता. मी नुसतं करपलेल्या पोळीकडे पाहिलं आणि म्हटलं, "बहुत बडा आदमी था."

"कुठला?"

"सगळीकडचा. त्याचं कुणाशी भांडण नव्हतं. कोणी काही विचारलं की लोक त्याचंच नाव घेत."

सुधन्वाच्या नाकातून चहा आला. वारसमेने नाव लिहून घेतलं. मी प्रोजेक्ट दिला, आणि देवाशपथ सांगतो, सगळं विसरून गेलो.

चौथ्या दिवशी घरात बिर्याणीसारखा वास. वारसमेने मटण-भात केला होता, भातावर त्यांच्या पद्धतीप्रमाणे अख्खं केळं. "मान्य झालं!" तो गरजला. "तिन्ही घराण्यांनी विचारलं, हा काहीही कुणाचा? कुणाचाच नाही! पाटी रंगवायला गेली!"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. सुधन्वा मराठीत पुटपुटला, "तू सांगतोस की मी सांगू? उद्या एखादा मुलुंडकर तिथे उतरला तर हसून मरेल."

मी सांगितलं. शब्दाचा अर्थ सांगितला, मी मुद्दाम गप्प बसलो होतो तेही सांगितलं. वारसमे ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या ताटातलं केळं सरळ केलं आणि म्हणाला, "चौदा वर्षं, बिदार."

मग माझ्यासमोरच काकांना फोन लावला. माझं नाव न घेता, चूक आपली म्हणून, सगळं सांगितलं. मग काका जे बोलले ते त्याने फोन ठेवून मला हिंदीत सांगितलं. "म्हणाले, तिन्ही घराणी पहिल्यांदाच एकत्र फसली, आता एकमेकांकडे बोट दाखवता येईना, म्हणून मुकाट्याने नाव ठरवतील. पण ज्याने नावाचा अर्थ विचारला नाही, त्याच्या हाती धावपट्टी कशी द्यायची?"

"म्हणजे नोकरी…"

"गेली. मग विचारलं, तुझ्या आईला काय सांगू? येतोस की नाही?"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? येतो म्हटलं."

परीक्षा संपली तशी मी त्याला ॲडलेडच्या विमानतळावर सोडायला गेलो. वाटेत मी सतरा वेळा माफी मागितली. अठराव्या वेळी तो वैतागला, "बस कर, बिदार. तू वाईट नाहीस. तुझी पोळी करपत होती."

दोन दिवसांनी त्याच्या शहरातून फोन आला. मागे माणसांचा, गाड्यांचा कल्ला. माझ्या मनात एकच गोष्ट ठसठसत होती. मी घाईघाईने विचारलं, "शेवटी पाटीवर नाव काय लिहिलंय रे?"

"बघितलंच नाही," वारसमे म्हणाला. "आई समोर उभी होती."