खंदारे ड्रायव्हर आणि माझे डोळे

खंदारे काकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. आम्ही पूर्णेला नुकतेच राहायला आलो होतो. स्टेशनच्या पुलावर मी आईबरोबर उभी असताना त्यांनी लांबच्या रुळावरच्या मालगाडीकडे बोट केलं आणि म्हणाले, "त्या डब्यावर काय लिवलंय, वाच बरं." डबा दिसत होता, त्यावर काहीतरी पांढरं आहे हेही दिसत होतं, पण वाचता येईना. मी अंदाजाने चार आकडे ठोकून दिले. काका हसले नाहीत. आईला म्हणाले, "ताई, पोरीला कमी दिसायलंय. हुशार हाय म्हणून आजवर कुणाला कळंना झालंय." आठ दिवसांत मला चष्मा लागला.

ते रेल्वेचे ड्रायव्हर. हुद्द्याचं नाव बदलून लोको पायलट झालं होतं, पण गल्लीत ते खंदारे ड्रायव्हरच राहिले. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक, दोघांनी प्रत्येक सिग्नल हात करून एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याच्या लक्षात यावं म्हणून. काकांच्या अंगात ते इतकं मुरलं होतं, की काकूंनी मोरीतून दूध बघायला सांगितलं की हे आधी पातेल्याकडे हात करून "दूध वर आलंय" असं जाहीर करत आणि मग उठत. तोवर निम्मं दूध शेगडीवर असायचं, अशी काकूंची कायमची तक्रार होती.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र तपासणीत त्यांची नजर कमी भरली आणि त्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवलं. "डोळा उतरला की ड्रायव्हरचा बाबू होतो," असं ते म्हणत, आणि 'बाबू' हा शब्द तोंडातून खडा काढावा तसा काढत. त्यांच्या खिशात चष्मा असे, पण तो लावलेला मी फार क्वचित पाहिला. निवृत्त झाल्यावर ते बुद्धविहारात संध्याकाळी रेल्वे भरतीचा फुकट क्लास घेऊ लागले. तिथे एका संध्याकाळी मी उठून सांगितलं की मला गाडी चालवायची आहे. पोरं फिदीफिदी हसली. काकांनी त्यांना गप केलं नाही, माझ्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "चालीव की. त्या चष्म्याचं तेवढं बघावं लागंल."

ड्रायव्हरच्या नोकरीला चष्म्याशिवाय पूर्ण नजर लागते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. काकांनी नांदेडला चौकशी केली आणि एक दिवस घरी येऊन आईला सांगितलं, की आता लेझरने चष्मा कायमचा घालवतात, पोरीचा नंबर वर्षभर हललेला नाही, करून टाकू. आई अंगणवाडीत काम करायची. घरात मोठं माणूस म्हणजे तीच, आणि डोळ्याला कुणी हात लावणार म्हटल्यावर तिचा जीव घाबरा झाला. काका म्हणाले, "ताई, मी हाय ना." आमच्या गल्लीत तापाला डॉक्टर आणि रेल्वेला खंदारे ड्रायव्हर, त्यापुढे कुणी विचारत नसे. आम्हीही विचारलं नाही.

त्या टेबलावरची माझी भीती मला अजून जशीच्या तशी आठवते. डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले, पापण्या मिटू नयेत म्हणून चिमट्यासारखं काहीतरी अडकवलं. डोळ्यावर दाब आला आणि क्षणभर सगळं काळं झालं. मग एक हिरवा ठिपका लुकलुकू लागला. त्याच्याकडेच बघत राहा, हलू नका, असं डॉक्टर सांगत होते. केस जळल्यासारखा वास आला. मी हललेच तर काय होईल, हा एकच विचार डोक्यात, आणि न हलण्याच्या धडपडीत पायाची बोटं आखडून गेली. बाहेर आले तेव्हा काका दाराशीच होते. माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी उठले तर छताच्या पंख्यावरची धूळ दिसत होती. इतका आनंद मला भरतीच्या परीक्षा पास झाल्यावरही झाला नाही. त्या परीक्षा मी पुढे एकामागून एक पास होत गेले, आणि सहायक ड्रायव्हर म्हणून माझं नाव लागलं. काकांनी गल्लीत पेढे वाटले. राहिली होती फक्त मेडिकल.

आमच्याच क्लासमधून आधी निवडीपर्यंत पोचलेली वर्षा तेव्हा हिंगोलीला होती. अभिनंदनाला तिचा फोन आला. बोलता बोलता लेझरचा विषय निघाला आणि ती एकदम थांबली. ड्रायव्हरच्या जागेला लेझर केलेले डोळे चालतच नाहीत, म्हणाली. तिच्या ओळखीची एक मुलगी त्याच कारणाने बाहेर पडली होती. कधी मशीनवर सापडतं, कधी नाही. आपण होऊन न सांगितलं तर निभावूनही जाईल, असंही तिने सांगितलं.

मी तशीच काकांकडे गेले. त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला, दोन-तीन जुन्या सोबत्यांना फोन केले आणि फोन हळूच खाली ठेवला. त्यांच्या काळात लेझर नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो नियम चष्म्यापाशी संपत होता, आणि चष्मा गेला म्हणजे काम झालं, असं धरून ते चालले होते. भरतीची जाहिरात नीट वाचायची गरज त्यांना वाटली नाही, आणि आम्हाला तर काका असताना मुळीच वाटली नाही. आई म्हणाली, कुणी काही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. काका तिला विरोध करतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "गप राहा. माझ्या सांगण्यावरनं केलंस, आता माझ्याच सांगण्यावरनं गप राहा." मला सुटल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

मेडिकल सिकंदराबादला होती. काका सोबत आले. धर्माबाद सोडलं तेव्हा दिवस मावळला होता आणि आम्ही दाराशी उभे होतो. वळणावर पुढचा सिग्नल दिसला.

"कसा दिसायलाय?" काकांनी विचारलं.

"हिरवा."

"ते मलाबी दिसायलंय. कसा, म्हणलो."

मी सांगितलं. दिव्याभोवती खळं दिसतं, चंद्राला पडतं तसं. ऑपरेशन झाल्यापासून आहे. कमी होईल असं डॉक्टर म्हणाले होते, थोडं झालंही आहे. पावसात काय होतं, असं त्यांनी विचारलं. पावसात जवळजवळचे दोन दिवे एकमेकांत मिसळतात, मी म्हणाले. हे मी त्याआधी कुणालाच बोलले नव्हते, कारण कुणी विचारलंच नव्हतं. काका आत जाऊन बसले. रात्रभर ते झोपले नाहीत. मला ते कळलं, कारण मीही जागीच होते.

सकाळी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. एकेक नाव पुकारलं जात होतं. माझ्या आधीची मुलगी आत गेली तेव्हा काका समोरच्या भिंतीकडे बघत बोलले.

"गप राहा म्हणलो, ते तुझा बाप असता तर म्हणला असता म्हणून म्हणलो. ड्रायव्हर म्हणून इचारशील तर माझ्यापाशी दुसरं उत्तर हाय. पण ते मी देणार न्हाई. एकदा माझं ऐकून तुझं वाटोळं झालंय. आता तुझं तू ठरीव."

ते उत्तर काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी ते उच्चारलं असतं तर मला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं. माझं नाव पुकारलं. आत डॉक्टरबाईंनी कागदावरून मान वर न करता हिंदीत विचारलं, डोळ्यांचं कधी काही ऑपरेशन? मागे गाडी आहे, गाडीत माणसं झोपली आहेत आणि पुढे पावसात दोन दिवे एक झाले आहेत, असं मला लख्ख दिसलं. हो, लेझर झालंय, मी म्हणाले. बाईंनी तेव्हा मान वर केली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. बाकी तपासणी त्यांनी पटकन उरकली.

बाहेर आल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. खाली बसून धोतराच्या सोग्याने तोंड झाकलं आणि ते रडले. येणारेजाणारे बघत होते. मी रडले नाही. मला तेव्हा फक्त भूक लागली होती.

गावी आल्यावर ते आधी आमच्या दारात आले आणि उभ्या उभ्या आईला म्हणाले, "ताई, पोरीची नोकरी मी घालवली." आई घरात निघून गेली. त्यानंतर बराच काळ ती त्यांच्याशी बोलली नाही. काकांनी तिची समजूत घालायचा कधी प्रयत्न केला नाही, उलट क्लासच्या प्रत्येक नव्या तुकडीपुढे पहिल्याच दिवशी ते उभे राहून माझ्या नावासकट सगळी हकिगत सांगू लागले, त्यात स्वतःची चूक कुठे झाली ते तर दोनदा. मला भयंकर संताप यायचा. तोवर मला तिकीट खिडकीवर नोकरी लागली होती. तिथे हे डोळे चालतात. ओळखीचा माणूस तिकीट घेता घेता 'ती तूच का' असं विचारायचा. एकदा मी भांडायलाच गेले. काकांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या तुकडीला पुन्हा तेच सांगितलं. पण त्यांच्या क्लासमधल्या कुणीही नंतर ती चूक केली नाही, हेही खरं.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. आईच एक दिवस डब्यात वरण-भात घेऊन निघाली आणि मला म्हणाली, चल. त्यांना आता दिसत जवळजवळ नव्हतंच, आवाजावरून ओळखलं. आईने भरवलेला घास त्यांनी निमूट खाल्ला. ती डबा विसळायला उठली तेव्हा मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हणाले, काका, तुमची चूक नव्हती, तुम्हाला काय माहीत.

त्यांना ते आवडलं नाही. हात हवेत हलवून म्हणाले, "माझीच होती. ती माझ्यापाशी राहू दे. पण तिथं आत जाऊन जे बोललीस, ते मी सांगितलं नव्हतं. ते तुझं हाय. मी सगळ्या पोरांना सांगायलो ते त्येच्यासाठी सांगायलो, अन् तू उगंच भांडत बसलीस."

मोरीतून आईने मला हाक मारली, तरी मी उठले नाही.