गाळलेलं पान

मोठा भाऊ दारूनं गेला तेव्हा मी नांदेडला नोकरीत होतो. आमच्या गावात, लातूरजवळच्या मुरुडच्या बाजूला, मयत झालेल्या घरी दहा दिवस पोथी वाचतात. जीव कुठं जातो, कोणत्या पापाला कोणता नरक, सगळं त्यात असतं. सहाव्या दिवशी वाचणारे महाराज आजारी पडले आणि पोथी माझ्यापुढं आली. घराण्यातला पहिला बी.ए. मी. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसंही वाटलं नाही.

सकाळी पुढची पानं चाळली आणि एका पानावर थांबलो. दारू पिणाऱ्याच्या घशात वितळलेलं लोखंड ओततात, हे त्याच दिवशीच्या वाचनात होतं. आई समोरच बसणार. ते पान गाळायचं ठरवलं.

दुपारी बायका जमल्या. त्या जागी येताच मी आवाज चढवला आणि दोन पानं एकदम उलटली. चुलती म्हणाली, "बी.ए.ची गाडी लई जोरात निघाली की." दोघीतिघी पदराआड हसल्या. आई हसली नाही. तिला अक्षर येत नाही, पण वडील गेले तेव्हा तिनं हीच पोथी ऐकली होती.

सगळ्या गेल्यावर ती जवळ येऊन बसली.

"पान गाळलंस न्हवं, बाबा? वाच."

मी म्हणालो, त्याला सुटतच नव्हती, आई, त्याचा काही दोष नव्हता. वाटलं, तिला बरं वाटेल. शेवटची तीन वर्षं तिनं त्याचं ताट घरात मांडलं नव्हतं. गोठ्याच्या दारात ठेवायची आणि न बोलता माघारी यायची. हे बोलताना माझ्या ध्यानातच आलं नाही.

"दोष न्हवता, तर मी त्याला जनावरावानी का वाढत व्हते?"

भावाला दाखवायला नेलं तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार आहे, आता त्याच्या हातात काही नाही, दाखल करा, सोबत कुणी राहा. मी ते घरी बोललोच नाही. दोन महिने रजा काढावी लागली असती.

"डाक्टर काय म्हनला व्हता?"

"मनावर घेतलं असतं तर सुटली असती, म्हणाला."

तिनं मान हलवली आणि पोथी माझ्याकडं सरकवली. मी ते पान वाचलं, लोखंडासकट, न अडखळता. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिचा जीव जरा थाऱ्यावर आला असावा. माझा अजून आलेला नाही. भाऊ प्यायलेला असायचा. रजेचा अर्ज न देता खिशात घालून फिरत होतो तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.